दोन कारभाऱ्यांचं राज्य

माझं आजोळ म्हणजे एक राज्य होतं. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळांना ऐकवलं. ऐकणारा आधी माझ्या विटक्या कोटाकडे बघतो, मग वहाणांकडे, आणि मग पाऊसपाण्याची चौकशी करतो. आता मी लोकांची समजूत घालायचं सोडून दिलं आहे. ज्याला पटेल त्यानं ऐकावं.

अकोट सोडून उत्तरेकडे निघालं की सातपुडा दिसायला लागतो. त्याच्या अलीकडेच एक टेकडी सुटी उभी आहे. तिच्या माथ्यावर तट, तटाला एक दरवाजा आणि आत चाळीसेक घरं. वरच्या आळीत झेंडू, वांगी आणि सीताफळं पिकवणारे लोक राहायचे. माल टोपल्यांत भरून साडेतीनशे पायऱ्या उतरायच्या आणि अकोटच्या बाजारात विकायचा, हा त्यांचा धंदा. खालच्या आळीत मुसलमानांची घरं होती. ते ओढ्यातले चुनखडे गोळा करून भट्टीत भाजायचे आणि चुना विकायचे. खालचे लोक या वस्तीला 'वरचं गाव' म्हणत. वरचे लोक तिला 'राज्य' म्हणत, आणि अकोट, अकोला, अमरावती, नागपूर, विलायत वगैरे सगळ्या मुलखाला मिळून नुसतं 'खाली' म्हणत.

हे राज्य म्हणे कधी कोणी जिंकलं नाही. मोगल आले, भोसले आले, निजाम आला, इंग्रज आला, सगळे पायथ्यावरून पुढे गेले. मामाच्या मते याचं कारण आमच्या पूर्वजांची मर्दुमकी. मामीचं मत वेगळं होतं. "एवढ्या पायऱ्या चढून वर काय भेटते? वांगे," असं ती म्हणायची. इतिहासाचं थोडं वाचन झाल्यावर मला मामीचं मत जास्त पटायला लागलं, पण ते मामासमोर बोलण्याची माझी छाती झाली नाही.

राज्याला राजा नव्हता, दोन कारभारी होते. एक वरच्या आळीचा, एक खालच्या. दसऱ्याला ते दरवाजाशेजारच्या दगडी ओट्यावर बसायचे आणि गुढीपाडव्याला उठायचे. मग दुसरे दोघे बसायचे. एकट्या कारभाऱ्याच्या शब्दाला तिथं काडीची किंमत नव्हती. दोघांनी तोच शब्द उच्चारला की तो कायदा. सहाच महिने असल्यामुळे कोणी फारसा माजत नसे, कारण नीट माजायला माणसाला निदान वर्ष तरी लागतं. पाळी घरवार फिरायची आणि दहा वर्षांनी परत यायची. मागच्या पाळीला मामाचा थोरला भाऊ बसला होता, त्याच्या मागच्या पाळीला आजोबा. मामा बसला तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती. पुढची पाळी यायला आपण असू की नसू, याचा त्याला भरवसा नव्हता, म्हणून या पाळीचं त्याला फार अप्रूप होतं. पागोटं बांधायला तो दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस आरशासमोर सराव करत होता, असं मामीनं मला सांगितलं आणि कोणाला सांगू नको म्हणाली.

त्याच्या जोडीला खालच्या आळीचे चुनेवाले चाचा आले. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. चाचांच्या बकरीनं ऐन दसऱ्याच्या तोंडावर मामाचा अर्धा झेंडू फस्त केला होता. त्यामुळे कारभारी ओट्यावर एकमेकांकडे पाठ करून बसायचे आणि मामी मधे उभी राहून इकडचं तिकडे सांगायची. त्या काळात खरं राज्य मामीनं चालवलं असं म्हणायला हरकत नाही.

मी त्या वेळी अमरावतीला कचेरीत कारकून होतो आणि राजापेठेत खोली घेऊन राहत होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नागपूरहून हुकूम निघायचे आणि अमरावतीला आम्ही त्यांच्या नकला करायचो. कचेरीत मला सगळे 'राजघराण्याचे भाचे' म्हणून चिडवत. चहा आला की एक जण उठून मुजरा करायचा. मी वरून हसायचो आणि आतून जळायचो.

अशात एक परिपत्रक आलं. आपल्या भागात जतन करण्याजोगी जुनी बांधकामं असतील तर कळवावीत, वगैरे. दुसरा कोणी असता तर 'निरंक' लिहून मोकळा झाला असता. मी सात पानं लिहिली. अक्षर माझं मोत्यासारखं होतं, त्याचाही मला गर्व होता. टेकडीचं प्राचीनत्व, दरवाजावरचा फारसी लेख, कमानीवरचे दगडी सिंह, दोन कारभाऱ्यांची परंपरा, सगळं आलं. 'अशा ठेव्याचे सरकारने रक्षण न केल्यास पुढील पिढ्या आपणांस क्षमा करणार नाहीत' हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःच ते तीनदा वाचलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, पण मला कळायला दोन महिने लागले.

दिवाळी झाल्यावर जुन्या इमारतींच्या खात्याचे एक साहेब पाहणीला आले आणि माहितगार म्हणून मला त्यांच्या बरोबर धाडलं. साहेब पुण्याचे. माणूस विद्वान आणि सभ्य. दगडांवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. माणसांवर त्यांचा राग होता असं नाही, पण माणसं दगडांना टेकून बसतात हे त्यांना सहन होत नसे.

अकोटच्या डाकबंगल्यात दुपारचा चहा घेताना मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "मग नोंद झाल्यावर राज्याला काय मिळेल?"

"संरक्षण," साहेब म्हणाले. "मग आत चूल पेटवायची नाही, खिळा ठोकायचा नाही, शेळ्या बांधायच्या नाहीत. कुंपण घालू, फलक लावू."

"आणि माणसं?"

"त्यांना खाली सपाटीवर जागा आखून देऊ. विहीर खणून देऊ. अहो, त्यांचीच सोय होईल. इतक्या पायऱ्या रोज चढायच्या म्हणजे काय चेष्टा आहे?"

चाळीस घरं मी सात पानांत उठवली होती, आणि तीही स्वच्छ अक्षरात.

'उद्याची व्यवस्था बघतो' असं सांगून मी तडक निघालो आणि ऊन असतानाच टेकडी चढलो. वाटेत दहादा स्वतःला शिव्या घातल्या. शेवटच्या वळणावर मान वर केली आणि जागीच थांबलो. दरवाजा गायब होता. त्याच्या जागी पांढरं फेक काहीतरी उन्हात चमकत होतं.

साहेब येणार म्हणून राज्यानं दरवाजाला चुना दिला होता. एक हात नाही, तीन हात. चाचांनी भट्टीतला उत्तम चुना फुकट ओतला होता. फारसी लेखाची अक्षरं चुन्यानं बुजवून सपाट केली होती आणि त्यावर बायकांनी गेरूनं कलश काढला होता, नारळासकट. दोन्हीकडे हिरवे पोपट. कमानीवरच्या सिंहांना हळदीचा रंग आणि काजळाच्या मिशा. त्यातल्या एका सिंहाची मिशी हुबेहूब आमच्या कचेरीतल्या बड्या बाबूंसारखी उतरली होती.

मामी शेणाचे हात पुसत पुढे आली. "पाह्य बाप्पू, कसं दिसून राह्यलं? साहेबाले वाटलं पायजे का आमी वस्तू सांभाळून ठेवतो म्हून."

एरवी असं काही बघून मी डोकं बडवून घेतलं असतं. त्या दिवशी मला मामीच्या हातांचे मुके घ्यावेसे वाटले.

मामा ओट्यावर बसला होता. वऱ्हाडात मामा भाच्याच्या पाया पडतो, पण गडाचा कारभारी कोणापुढे वाकत नाही. त्यामुळे मला बघून तो अर्धवट उठला, अर्धवट वाकला, आणि मग पाठीला उसण भरल्यासारखं करून परत बसला. मी वेळ न घालवता दोघा कारभाऱ्यांना सगळं सांगितलं. अर्ज मीच लिहिला होता हेही सांगितलं. ते सांगताना मला खाली बघावं लागलं.

मामानं विचारलं, "म्हंजे जुनं हाय, चांगलं हाय म्हून सांगतलं तं घर जाते?"

"हो."

"अन् बेकार हाय म्हून सांगतलं तं रायते?"

"हो."

"अन् याले सरकार म्हनते?"

मी म्हटलं, "मामा, साहेब उद्या तुम्हा दोघांना विचारतील. एवढंच म्हणायचं, की हे बांधकाम जुनं नाही. तुमच्या वडिलांच्या वेळचं आहे. चुना तर लागलाच आहे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा चाचांनी मान वळवून मामाकडे बघितलं.

"पोराले माहीत नाई," चाचा म्हणाले.

"मला काय माहीत नाही?" मी विचारलं.

चाचांनीच मला समजावून सांगितलं. कारभारी असताना जो खोटं बोलला त्याचं पागोटं उतरतं. त्याच दिवशी. चूक माफ होते, भांडण माफ होतं, बकरीसुद्धा माफ होते, असं म्हणून त्यांनी मामाकडे पुन्हा एकदा बघितलं. खोटं माफ होत नाही. पागोटं उतरलेल्या माणसाला पुन्हा ओट्यावर बसता येत नाही, मेला तरी. आजवर कोणाचं उतरलं नव्हतं.

"मग दुसरं कोणी बोलेल," मी म्हटलं.

"बाहेरच्या मानसासंगं गडाच्या वतीनं कारभारीच बोलते," मामा म्हणाला.

"ओट्यावरून उतरून बोलू ना," चाचांनी तोड काढली. "जमिनीवर उभं राहून बोललं तं चलते का?"

"पागोटं डोक्शावर हाय तवर जिथं उभं राहू तिथं ओटा," मामा म्हणाला. चाचांनी मान हलवली. कायदा त्यांनाही ठाऊक होता, नुसतं विचारून बघितलं होतं.

"मामा, चाळीस घरांचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"मले मोजता येते," मामा म्हणाला आणि पाठ फिरवून बसला. त्यानंतर त्यानं माझ्याशीही बोलणं बंद केलं. आतापर्यंत मामीला दोन माणसांचे निरोप पोचवायचे होते, ते वाढून तीन झाले.

मामीनं तेवढ्यात गावाला हुकूम सोडला. "आयका. उद्यापासून आपलं गाव नवं हाये. कोनी तोंड उघडाचं नाई. ज्यानं मोगलाची गोष्ट काढली त्याले मी पाहून घेईन." मामा काय बोलणार हे मात्र सकाळपर्यंत तिलाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला साहेब धापा टाकत वर आले आणि दरवाजासमोर उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अहो, हे काय आहे?"

"दरवाजा," मी म्हटलं.

"तो फारसी लेख?"

"मला लहानपणी बघितल्यासारखा वाटला होता, साहेब. कदाचित दुसरीकडे असेल."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्या नोकरीची मला काळजी वाटायला लागली. मग ते हळदीच्या सिंहाकडे वळले आणि त्याच्या मिशीला त्यांनी बोट लावलं. बोट काळं झालं. ते रुमालाला पुसताना त्यांचा चेहरा इतका पडला होता, की मला त्यांची कीव आली. त्या माणसानं माझ्या सात पानांवर विश्वास ठेवून पुण्यापासून प्रवास केला होता.

इकडे गावानं तोंड बंद ठेवलं होतं, पण अभिमान कुठून ना कुठून गळतोच. साहेब सहज म्हणाले, "तट मात्र काहीच्या काही ओबडधोबड आहे." त्याबरोबर एक म्हातारा उसळला. "ओबडधोबड? साहेब, या तटानं भल्याभल्यांचे..." मामीनं त्याच्या पायावर पाय दिला. "...भल्याभल्यांचे बैल आडवले," म्हाताऱ्यानं वाक्य पुरं केलं. एका बाईनं सीताफळं पुढे केली आणि 'आमच्या राज्यातली' असं म्हणता म्हणता 'आमच्या रानातली' असं गिळत म्हटलं.

शेवटी साहेबांनी वही काढली आणि ते ओट्यासमोर आले. "तुम्ही इथले प्रमुख ना? मला नीट सांगा. हे बांधकाम किती जुनं आहे?"

"जुनं म्हंजे काय साहेब?" मामा म्हणाला. "डोंगर तं देवानं केला. तो जुनाच म्हना ना."

"डोंगर नव्हे. दरवाजा."

"दरवाजाचं लाकूड म्हनसान तं मागच्या साली बदललं." हे खरं होतं. मामा खऱ्याच्या काठाकाठानं चालत होता आणि काठ संपत आला होता.

साहेबांचा आवाज चढला. "हे बघा, एका शब्दात सांगा. तुमच्या वडिलांच्या आधी हा दरवाजा इथं होता, की नव्हता?"

साहेबांना वाटलं असेल, खेडवळ माणूस, प्रश्न समजला नाही. पण तिथल्या प्रत्येकाला प्रश्न समजला होता. मामानं एकदा मागं वळून घरांकडे पाहिलं. सकाळच्या चुली पेटलेल्या होत्या. मग त्यानं पागोट्याला हात लावला, नीट बसलंय ना बघितल्यासारखा.

"नव्हता," तो म्हणाला.

एकट्याचा शब्द तिथं शब्द नसतो. सगळ्यांनी चाचांकडे बघितलं. त्यांना क्षणही लागला नाही. "नव्हता साहेब. मेरे वालिद का चुना है. मी सोताच्या हातानं कालवलेला, पोट्टा होतो तवाचा." एक खोटं मागितलं होतं, चाचांनी मामाच्या सोबतीला वर आणखी दोन बोलून टाकली.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. निघताना त्यांनी दोन सीताफळं घेतली आणि मला म्हणाले, "तुमचं अक्षर छान आहे. त्याचा काही चांगला उपयोग करा." मी त्यांना पायथ्याशी बैलांच्या दमणीत बसवून दिलं आणि पायऱ्या पळत वर आलो. राज्य वाचलं होतं. कोणीतरी डफ काढलाच असेल असं मला वाटत होतं.

डफ काढला होता, पण वाजत नव्हता. सगळं गाव ओट्यासमोर उभं होतं आणि ओट्यावर दोन पागोटी ठेवलेली होती. मामा आणि चाचा खाली उभे होते, उघड्या डोक्यांनी. मामाला टक्कल पडलंय हे मला त्या दिवशी कळलं.

लोक विनवत होते. तुम्ही गावासाठी बोललात, पोराबाळांसाठी बोललात, साहेब गेला, आता कोणाला कळतंय.

"आपल्याले कळते ना," मामा म्हणाला.

"पन कायदा तं यासाठी नव्हता ना भाऊ, गाव वाचवाले बोललेलं..." एक जण म्हणाला.

"खोटं बोलनारा कोनासाठीतरीच बोलते," चाचा म्हणाले. "ऐसेच छोडते गये तो कानून का क्या बचा?"

मी पुढे झालो. म्हटलं, चूक माझी, अर्ज माझा, मला शिक्षा करा. मामा म्हणाला, "तू खालचा मानूस. तुले आमचा कायदा लागू नाई." इतकं लागेल असं तो मला आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि त्याला बिचाऱ्याला ते लागेल हे ठाऊकही नसावं. मी बाजूला जाऊन रडलो. मामीही रडत होती, पण रडता रडता नव्या कारभाऱ्यांची पाळी कोणाच्या घराची यावर दोन आळ्यांशी भांडतही होती. दुपारभर वाद झाला आणि तिसऱ्या प्रहरी दोन नवे कारभारी बसले. दोघंही तरुण होते. पागोटी त्यांना मोठी होत होती आणि दर थोड्या वेळानं कपाळावर उतरत होती.

संध्याकाळच्या आत मला अकोटला पोचायचं होतं. गडाची रीत अशी, की कारभाऱ्यांना विचारल्याशिवाय कोणी पायऱ्या उतरत नाही. मी ओट्यासमोर जाऊन परवानगी मागितली आणि दोघांनी ती दिली. वळलो तर मामा माझ्या मागंच उभा होता. मला वाटलं, निरोप द्यायला आला. त्यानं हात जोडले होते, पण माझ्याकडे नाही. तो ओट्याकडे बघत होता.

"भाच्याले पायथ्यापरेंत सोडून येऊ का?" त्यानं विचारलं.

वरच्या आळीचा नवा कारभारी ओशाळला. मामाच्या मांडीवर खेळून मोठा झालेला. "जाय ना काका," तो म्हणाला. "तुले कायची परवानगी?"

"तसं नाई चालत," मामा म्हणाला. "दोघंबी सांगा."

मग दोघांनीही सांगितलं, आणि आम्ही पायऱ्या उतरायला लागलो.